काच वाजवू नये

दांडिया बाजारच्या घरात तो आला
थर्माकोलच्या डब्यातून, ओल्या शेवाळात गुंडाळलेला,
ऐन मे महिन्यात,
गच्चीवरची टाकी उकळत असते तेव्हा,
आणि सकाळच्या अंघोळीचं पाणी
रात्रीच बादलीत भरून ठेवावं लागतं.

करंगळीएवढा.
वरून काजळ, खालून शेंदूर.
मासा नाही, पाल नाही, सरडाही नाही.
"न्यूट," ओजस म्हणाला, आणि पुढे काहीच नाही.
हंसाबेन दारातूनच ओरडल्या,
"अरे, गरोळी पाळली तुमी?"
ज्यांच्या माहेरी विश्वामित्रीच्या पुरात
मगर ओट्यापर्यंत आली होती
आणि ज्यांनी गच्चीवरून तिला बघत चहा घेतला होता,
त्या ह्या करंगळीला बिचकल्या.

मी आणला होता त्याला. लाच म्हणून.
ते ओजसला पहिल्या मिनिटात कळलं असावं.

नियम मात्र त्याचे. वय वर्षं दहा.
नळाचं पाणी थेट ओतायचं नाही,
दोन दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडू द्यायचं.
डब्यातल्या पाण्यात टाकीतलं पाणी
वाटी वाटी मिसळत जायचं, घाई नाही.
हात लावायचा नाही, त्याच्या कातडीतून सगळं आत जातं,
साबण, घाम, तुमचं ते अत्तरसुद्धा.
काच वाजवायची नाही.
झाकणाला फट ठेवायची नाही,
पहिल्या आठवड्यात तो पळतोच,
आणि मग कपाटाखाली सापडतो, वाळलेला.
"पळतो कशाला?"
"त्याला वाटतं, अजून वाटेतच आहे."

सुनेत्रानं फुटक्या कुंडीचा तुकडा दिला,
नाशिकच्या गॅलरीतली कुंडी, सामानाच्या ट्रकमध्ये फुटलेली,
चार महिने तिला फेकवत नव्हती.
उपडा ठेवला तळाशी.
तो आत गेला, आणि शेपटीचं टोक तेवढं बाहेर राहिलं.

पाणी बाविशीच्या पुढे जाता कामा नये.
बाहेर त्रेचाळीस.
फ्रीजरमध्ये आंब्याच्या रसाशेजारी
सरबताच्या चार बाटल्या गोठवलेल्या,
दर तीन तासांनी एक सोडायची, एक काढायची.
रात्री दोनची पाळी माझी.

तीन दिवस त्यानं काही खाल्लं नाही.
ओजसनंही वरणाला हात लावला नाही.
ते मी मोजत नव्हतो; सुनेत्रा मोजत होती.
मी पहाटे कमाटीबागेत जाऊन
आइस्क्रीमच्या चमच्यानं नळाजवळची माती उकरली.
माळ्यानं विचारलं, "साहेब, काय हरवलं?"
पन्नाशीच्या माणसानं काय सांगावं.
तीन गांडुळं मिळाली. रुमालात आणली.

चौथ्या रात्री बाटली घेऊन आलो तर
ओजस चटईवर पालथा,
हनुवटी मुठींवर,
विजेरीला लाल जिलेटिन गुंडाळलेलं.
"श्श."

तो कात टाकत होता.
आधी ओठांपासून, मग एकेक हात,
पाच बोटांचं नव्हे, चारच बोटांचं
नखाएवढं मोजं,
पाण्यात क्षणभर तरंगलं, आतून रिकामं,
आणि मग त्यानं वळून
ते स्वतःच गिळून टाकलं.

"म्हणजे आता..." मी म्हणालो.
"आता काही नाही," ओजस म्हणाला.
"बाटली हळू सोडा. पाणी हलतं."

सोडली. इतकी हळू, की बोटं बधिर झाली.
मग तो न बघता थोडा सरकला,
चटई माझ्यापुरती मोकळी झाली,
पुरती नव्हे, एका कोपरापुरती.

शेपटी हलली. गांडूळ अर्धं दिसेनासं झालं.
माझ्या मानेवर डास बसला होता, चांगला जाडजूड.
हात उचलला मी,
आणि परत खाली ठेवला.
आवाज झाला असता.